तेवीस हजार ठिपके

अॅनालॉग या अमेरिकी कंपनीनं २०२१च्या डिसेंबरमध्ये ‘पॉकेट’ नावाचं, हातात धरून खेळायचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या साडेतीन इंची स्क्रीनवर आडवे १६०० आणि उभे १४४० ठिपके आहेत. चांगल्या महागड्या फोनच्या तोडीची ही दाटी, पण हा आकडा सहज निवडलेला नाही. १९८९ साली निन्टेन्डोनं काढलेल्या गेम बॉयच्या स्क्रीनवर आडवे १६० आणि उभे १४४, म्हणजे सगळे मिळून जेमतेम तेवीस हजार ठिपके होते. जुन्या यंत्रावरचा एक ठिपका दाखवायला नवं यंत्र बरोबर शंभर ठिपके खर्च करतं. ते शंभर ठिपके कामाला येतात ते जुन्या स्क्रीनचा शेवाळी हिरवा रंग आणि दोन ठिपक्यांमधली बारीकशी फट हुबेहूब वठवायला. जे दोष दूर करण्यासाठी स्क्रीन बनवणाऱ्यांनी तीस वर्षं खर्ची घातली, तेच आता जास्त पैसे मोजून परत आणले जात आहेत.

असं का, याचं चटकन सुचणारं उत्तर म्हणजे स्मरणरंजन. चाळिशीत पोचलेली, हाताशी चार पैसे असलेली पिढी आपलं बालपण विकत घेते आहे, असं म्हटलं की विषय मिटतो. या उत्तरात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे आणि उरलेलं अर्धं मला जास्त मोलाचं वाटतं. आठवण माणसाला दुकानापर्यंत आणते. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात तो खेळ हातातून खाली ठेववत नाही, याचं श्रेय मात्र आठवणीला देता येत नाही. छोट्या स्क्रीनवरच्या जुन्या खेळांनी गरजेपोटी एक कला घडवली: थोडक्या सामग्रीत नेमकं आणि एका नजरेत कळेल असं दाखवण्याची. आज ‘रेट्रो’ म्हणून ओळखले जाणारे चांगले खेळ ही कला पुढे नेतात. वाईट खेळ तिचा नुसता पेहराव उचलतात. हा फरक ध्यानात घेतला नाही तर सगळंच एका पारड्यात टाकलं जातं आणि मग ‘जुन्याची हौस’ एवढाच शिक्का उरतो.

ही कला जिथून आली तिथं जायचं तर गुनपेई योकोई या माणसापासून सुरुवात करावी लागते. निन्टेन्डोतल्या या अभियंत्याबद्दल एक हकिगत नेहमी सांगितली जाते. जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये एक प्रवासी वेळ जात नाही म्हणून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांना दिसला, आणि खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली. त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आलं. कॅल्क्युलेटरमुळे स्वस्त झालेली एलसीडी त्यात वापरली होती. योकोईंची भूमिका स्पष्ट होती. जे तंत्र जुनं आणि पूर्ण मुरलेलं आहे, ज्याचे गुणदोष सगळ्यांना ठाऊक झाले आहेत, ते घ्यायचं आणि आजवर कुणाला न सुचलेला उपयोग त्यातून काढायचा. गेम बॉय हे या विचाराचं सर्वांत मोठं फळ. आठ किलोबाइट मेमरी, चार छटांची स्क्रीन, आतून उजेड नाही. चार पेन्सिल सेल घातले की यंत्र पंधरा तास किंवा त्याहूनही जास्त चालायचं. त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्सची स्क्रीन रंगीत आणि उजळ होती, पण तिला सहा सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत संपायचे. किंमतही गेम बॉयच्या जवळपास दुप्पट, सुमारे १८० डॉलर. पुढच्या वर्षी आलेल्या सेगाच्या गेम गिअरची गतही तीच झाली. गेम बॉय आणि त्याची १९९८ची रंगीत आवृत्ती मिळून पावणेबारा कोटींहून जास्त यंत्रं खपली. यात ‘टेट्रिस’चा वाटा मोठा होता, हे मान्यच करायला हवं. पण मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी रचलेला तो खेळ गेम बॉयला इतका शोभला, तो त्याला रंगांची किंवा मोठ्या पडद्याची गरजच नव्हती म्हणून.

आता या तुटपुंज्या सामग्रीनं रचनाकारांना काय करायला लावलं ते पाहू. गेम बॉयची स्क्रीन म्हणजे ८ बाय ८ ठिपक्यांच्या ३६० चौकटी. एका चौकटीत माणसाचा चेहरा बसवायचा तर हाताशी चौसष्ट ठिपके. दोन ठिपक्यांचे डोळे काढले की नाकाला जागा उरत नाही. मग चेहऱ्याचा नाद सोडून आकृतीच्या कडेवर, तिच्या बाह्यरेषेवर सगळा भर द्यावा लागतो. याचं माझ्या मते सर्वांत देखणं उदाहरण १९९१च्या ‘मेट्रॉइड टू’मध्ये सापडतं. योकोईंच्याच विभागानं तो खेळ केला होता. नायिका सॅमस आरन हिला वाटेत एक जास्त ताकदीचं चिलखत मिळतं. टीव्हीवर खेळायच्या पहिल्या ‘मेट्रॉइड’मध्ये हा बदल नुसता रंग पालटून दाखवला होता. गेम बॉयवर रंगच नव्हता. तेव्हा चिलखत बदलल्याचं खेळणाऱ्याला कळावं म्हणून चित्रकारांनी सॅमसच्या खांद्यांवर दोन मोठे गोल गोळे बसवले. मुंगीएवढ्या आकृतीतही ते खांदे लगेच नजरेत भरतात. पुढे रंग आला, मोठे पडदे आले, त्रिमितीही आली, पण ते खांदे गेले नाहीत. आज सॅमस म्हटलं की डोळ्यांपुढे उभी राहते ती त्या गोल खांद्यांचीच आकृती. चार छटांच्या अडचणीवर काढलेला तोडगा त्या पात्राची कायमची ओळख होऊन बसला. हे कुठल्याही आठवणीमुळे घडलेलं नाही. तोडगा चांगला होता म्हणून तो टिकला.

१९९२ साली मासाहिरो साकुराई यांनी रचलेला किर्बी हेही असंच प्रकरण. गोल चेंडूसारखं अंग, दोन उभे डोळे आणि दोन पावलं, एवढंच. त्या पात्राचा रंग यंत्रावर दिसतच नसल्यामुळे अमेरिकेत विकल्या गेलेल्या पहिल्या खेळाच्या खोक्यावर किर्बी चक्क पांढरा छापला गेला, आणि त्यानं काही बिघडलं नाही, कारण किर्बी आकारानं ओळखला जातो. अडचणीतून निपजलेली ही बाह्यरेषेची भाषा त्या काळच्या कितीतरी खेळांत दिसते. लहान मूल बोट दाखवून सांगू शकेल की हा शत्रू, ही शिडी, हे खायचं, याला शिवायचं नाही. आजच्या कोट्यवधी डॉलरच्या खेळांत भिंतीवरचा कुठला दगड धरून वर चढता येतं ते कळावं म्हणून त्याला पिवळा रंग फासावा लागतो, कारण तपशिलाच्या गर्दीत महत्त्वाचं काय तेच दिसेनासं होतं. तेवीस हजार ठिपक्यांत गर्दीला वावच नव्हता.

पण जुनं ते सगळंच सोनं नव्हतं. गेम बॉयच्या स्क्रीनवर वेगानं हलणारी वस्तू मागे धूसर शेपूट सोडायची. एका आडव्या ओळीत दहापेक्षा जास्त हलत्या आकृत्या यंत्राला झेपायच्या नाहीत, मग त्या लुकलुकू लागायच्या किंवा गायब व्हायच्या. तीन जीव संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, हा नियम तर नाणी टाकून चालणाऱ्या यंत्रांकडून आलेला. तिथं खेळणारा लवकर हरण्यातच धंदा होता. म्हणून रेट्रो खेळ करणाऱ्याची खरी परीक्षा त्यानं काय ठेवलं आणि काय सोडलं यात असते. २०१४ साली आलेल्या आणि निन्टेन्डो थ्रीडीएसवरही गाजलेल्या ‘शॉवेल नाइट’चं मोठेपण तिथंच आहे. हातात फावडं घेतलेल्या योद्ध्याचा हा खेळ पाहताक्षणी १९८०च्या दशकातल्या निन्टेन्डोच्या टीव्ही यंत्रावरचा वाटतो. यॉट क्लब गेम्स या त्याच्या निर्मात्यांनी आपण जुन्या यंत्राचे कुठले नियम पाळले आणि कुठले जाणूनबुजून मोडले, याचा सविस्तर हिशेब प्रसिद्ध केला आहे. रंगांची संख्या मोजकी ठेवली, पण जुन्या यंत्राकडे नसलेल्या काही छटा घेतल्या. आकृत्यांचं लुकलुकणं टाकून दिलं. चौकोनी स्क्रीनऐवजी रुंद स्क्रीन घेतली. संगीतासाठी जुन्या आवाजाची चौकट पत्करली, पण त्या काळी कोनामी या कंपनीनं आपल्या कॅसेटमध्ये जादा आवाजांसाठी बसवलेल्या चिपची मदतही घेतली.

खेळाच्या नियमांतला बदल तर आणखी विचारपूर्वक केलेला आहे. ‘शॉवेल नाइट’मध्ये तीन जीव वगैरे नाहीत. खेळणारा मेला की त्याच्याजवळच्या सोन्याचा काही भाग पिशव्यांच्या रूपानं त्याच जागी हवेत तरंगत राहतो. परत तिथवर पोचलात तर मिळेल, वाटेत पुन्हा मेलात तर गेला. ही युक्ती १९८०च्या दशकातली नव्हे, ती अलीकडच्या ‘डार्क सोल्स’सारख्या खेळांकडून घेतली आहे. वाटेत काचेचे चकाकणारे दिवे लागतात. तिथवर पोचलं की मेल्यावर पुन्हा तिथूनच सुरुवात होते. पण तो दिवा फावड्यानं फोडला तर आतून रत्नं मिळतात आणि सुरक्षित थांबा मात्र जातो. म्हणजे जुन्या खेळांचा कठीणपणा इथं लादलेला नाही. ज्याला तो हवा त्यानं स्वतःच्या हातानं ओढवून घ्यायचा आणि त्याचं बक्षीसही घ्यायचं. नुसत्या जुन्याच्या ओढीनं हे सुचणार नाही. त्यासाठी जुन्या खेळांतलं काय चांगलं होतं आणि का, याचा निवाडा करावा लागतो.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: एवढी तात्त्विक बाजू मांडून काय उपयोग, बाजारात विकली जाते ती आठवणच ना? विकली जाते, आणि फार पूर्वीपासून. निन्टेन्डोनं २००४ सालीच गेम बॉय अॅडव्हान्स एसपीची जुन्या टीव्ही यंत्राच्या रंगरूपातली आवृत्ती काढली आणि जुने खेळ नव्या कॅसेटमध्ये घालून पुन्हा विकले. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाला पस्तीस वर्षं झाली म्हणून २०२०मध्ये खास ‘गेम अँड वॉच’ आलं, पुढच्या वर्षी ‘झेल्डा’चं. ही यंत्रं सुबक आहेत, पण त्यांच्या विक्रीचा आधार खरोखरच आठवण हाच आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडचं उदाहरण नोकिया ३३१०चं. २०१७मध्ये हा फोन त्याच नावानं परत आला, भारतात त्याची किंमतही मुद्दाम ३३१० रुपये ठेवली गेली आणि जाहिरातीत ‘स्नेक’ पुढे केला गेला. पण आतला ‘स्नेक’ हा दुसऱ्या कंपनीनं नव्यानं केलेला रंगीत खेळ होता. जुन्या ‘स्नेक’ची सगळी मजा काळ्या चौकोनांच्या नेमकेपणात होती: अजून एक घर पुढे जाऊ की वळू, हे डोळ्यांना स्पष्ट मोजता यायचं. नाव आणि डबा जुना ठेवून तो नेमकेपणाच सोडून दिला, म्हणजे आठवणीचा धंदा झाला आणि कला मागे राहिली. आक्षेप घेणाऱ्यांना हेच म्हणायचं असेल तर मी त्यांच्याच बाजूला आहे.

पण आठवण हेच जर सगळं कारण असतं, तर ज्यांच्याकडे ती आठवणच नाही त्यांना हे खेळ आवडायला नको होते. भारतात गेम बॉय सर्वसामान्य घरांत फारसा पोचलाच नाही. महाराष्ट्रातल्या नव्वदीच्या दशकातल्या मुलांच्या हातात आला तो खेळण्यांच्या दुकानात मिळणारा स्वस्त ब्रिक गेम. त्याच्या खोक्यावर ‘९९९९ खेळ’ असं छापलेलं असायचं. प्रत्यक्षात मोजकेच खेळ वेगवेगळ्या वेगांत आणि पातळ्यांत फिरवून तो आकडा गाठलेला असे. त्याच्या स्क्रीनवर ठिपकेही नव्हते, आडवे दहा आणि उभे वीस असे दोनशे चौकोन होते. त्या दोनशे चौकोनांत गाड्यांची शर्यत चालायची. एक चौकोन वर, त्याखाली तीन, मग एक आणि तळाशी दोन, एवढ्या सात चौकोनांची गाडी व्हायची, आणि ती रणगाडा आहे की गाडी याबद्दल कुणाचाही गोंधळ होत नसे. हा खेळ हाताळलेल्या माणसानं आज पहिल्यांदा गेम बॉयचा एखादा खेळ उघडला तर त्याला त्यातली चित्रभाषा उपरी वाटत नाही. तो काळ त्याचा नसला तरी ती भाषा त्याच्या ओळखीची असते. जी मुलं २००५नंतर जन्मली, ज्यांनी ब्रिक गेमही पाहिला नाही, तीही ठिपक्यांच्या चित्रांचे खेळ आवडीनं खेळतात आणि स्वतः बनवतातही. क्रिस मॉल्टबी यांनी २०१९मध्ये ‘जीबी स्टुडिओ’ हे फुकट साधन लोकांसाठी खुलं केलं. त्यात बनवलेला खेळ तीस वर्षांपूर्वीच्या खऱ्या गेम बॉयवर चालतो. पहिल्यांदाच खेळ रचणाऱ्याला तेवीस हजार ठिपक्यांची चौकट सोपी जाते, कारण एवढ्या जागेत एकट्या माणसाला सगळं पेलता येतं.

इथंच दुसरा आक्षेप पुढे येतो. एकट्याला पेलतं म्हणजे स्वस्तात होतं. ज्यांना मोठा खेळ करायला पैसा आणि माणसं नाहीत ते ठिपक्यांची चित्रं काढतात आणि त्याला शैली म्हणतात. खर्चाचा मुद्दा खरा आहे. पण खर्च कमी म्हणजे कष्ट कमी, हे खरं नाही. ‘सेलेस्ट’चा जन्म पाहा. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी त्याचं पहिलं रूप चार दिवसांत ‘पिको-८’वर केलं. पिको-८ हे प्रत्यक्षात नसलेलं यंत्र आहे. जोसेफ व्हाइट यांनी ते सॉफ्टवेअर म्हणून रचलं आणि त्याला १२८ बाय १२८ ठिपके, सोळा रंग आणि ३२ किलोबाइटची कॅसेट अशी बंधनं स्वतःहून घातली. त्या चार दिवसांच्या बीजातून २०१८ साली पूर्ण खेळ आला, आणि निन्टेन्डो स्विचवर तो हातात धरून खेळणाऱ्यांची संख्या मोठी आहे. डोंगर चढणाऱ्या मॅडलिनला हवेत एकदा झेप घेता येते. ती झेप शिल्लक असेल तोवर तिचे केस लाल दिसतात आणि वापरली की निळे होतात. कोपऱ्यात आकडा नाही, पट्टी नाही. जिथं खेळणाऱ्याची नजर आधीच खिळलेली आहे, त्या इवल्याशा आकृतीवरच निरोप लिहिलेला आहे. सॅमसच्या खांद्यांचंच हे पुढचं पाऊल. शिवाय कडा सुटल्यावरही अगदी निमिषभर उडी मारायची मुभा या खेळात गुपचूप दिलेली आहे. पडणाऱ्याला वाटतं की आपण अगदी वेळेवर उडी मारली. ज्यांना खेळ फार कठीण जातो त्यांच्यासाठी वेग कमी करायची, झेपा वाढवायची सोयही आहे. एवढ्या बारकाईनं घडवलेल्या गोष्टीला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. गेम बॉयच्या काळात बंधनं खरी होती, आज ती ओढूनताणून आणलेली आहेत, त्यामुळे त्यांतून येणारी कलाही लटकी, असं काही जण म्हणतात. याचं उत्तर मराठी वाचकाला खरं तर वेगळं सांगायला नको. सुरेश भटांना कुणी गझलच लिहा म्हणून सक्ती केली नव्हती. मुक्तछंद त्यांच्या काळात चांगला रुजलेला होता. मतला, काफिया, रदीफ आणि वृत्त यांची बेडी त्यांनी आपखुशीनं पत्करली, आणि त्या बेडीमुळेच त्यांच्या ओळींना धार आली. बंधन परिस्थितीनं घातलं की कवीनं, याचा कवितेच्या खरेपणाशी संबंध नसतो. त्या बंधनाशी झगडून काही हाती लागलं का, एवढंच पाहायचं असतं. प्लेडेट या यंत्राकडे पाहिलं की हे पटतं. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या पॅनिक कंपनीनं स्वीडनच्या टीनएज इंजिनिअरिंगबरोबर ते रचलं आणि २०२२च्या एप्रिलमध्ये ते लोकांच्या हाती पडू लागलं. पिवळंधमक, तळहातात मावणारं. त्याच्या स्क्रीनवर फक्त काळा आणि पांढरा, करडी छटासुद्धा नाही, आणि आतून उजेडही नाही. उजव्या कुशीला एक बारीक दांडा असतो, तो बाहेर काढून गोल फिरवायचा. असा दांडा कुठल्याही गाजलेल्या जुन्या हातयंत्राला नव्हता. ‘कातामारी’ हा खेळ रचणारे केइता ताकाहाशी यांनी प्लेडेटसाठी केलेल्या खेळात दांडा पुढे फिरवला की नायकाचा काळ पुढे सरकतो आणि मागे फिरवला की मागे येतो. प्रेयसीला भेटायला निघालेला हा नायक अडथळे चुकवतो ते खेळणाऱ्याच्या मनगटाच्या हालचालीवर. हे सगळं दिसायला जुनं आहे, पण असा भूतकाळ कुणाचाच नव्हता. आठवायलाच काही नाही, तर स्मरणरंजनाचा आरोप लागू तरी कसा होणार?

बंधन पत्करणं आणि जुनेपणाचा मुलामा देणं यांतला फरक ओळखायला जुनी यंत्रं कशी चालायची ते ठाऊक असावं लागतं. गेम बॉय अॅडव्हान्सचं उदाहरण फार बोलकं आहे. २००१ साली आलेल्या या यंत्राची स्क्रीन रंगीत होती, पण तिला उजेड नव्हता. ‘कॅसलव्हेनिया: सर्कल ऑफ द मून’ हा त्यावरचा सुरुवातीचा खेळ इतका काळोखी होता की खिडकीजवळ बसूनही धड दिसायचा नाही. पुढच्याच वर्षीच्या ‘हार्मनी ऑफ डिसोनन्स’मध्ये चित्रकारांनी सगळे रंग भडक केले आणि नायकाभोवती निळी कडा ओढली. म्हणजे त्या काळचे कितीतरी खेळ मुद्दाम जास्त उजळ रंगवलेले आहेत, अंधूक स्क्रीनवर ते बेताचे दिसावेत म्हणून. आज ते लख्ख स्क्रीनवर पाहिले की रंग अंगावर येतात किंवा विटल्यासारखे दिसतात. हे माहीत नसलेला नवा चित्रकार त्या भडक रंगांनाच ‘त्या काळची शैली’ समजून त्यांची नक्कल करतो. अॅनालॉगचं यंत्र जुन्या स्क्रीनची नक्कल करण्यावर शंभर-शंभर ठिपके खर्च करतं ते या अर्थानं योग्यच आहे. ते चित्र ज्या काचेसाठी काढलं गेलं, ती काच असल्याशिवाय चित्रकाराचा हिशेब समजत नाही.

म्हणून या सगळ्यातली खरी चिंता मला स्मरणरंजनाच्या अतिरेकाची वाटत नाही. मूळ खेळ नाहीसे होत चालले आहेत, ही चिंता मोठी आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेनं सॉफ्टवेअर प्रिझर्वेशन नेटवर्कच्या सोबतीनं २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१०पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठल्याच रूपात विकत मिळत नाहीत, असं तिच्यात आढळलं. गेम बॉय आणि त्याच्या वंशातल्या यंत्रांसाठी निघालेल्या खेळांपैकी तर फक्त ५.८७ टक्के उपलब्ध आहेत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोनं थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान बंद केलं, आणि तिथं मिळणारे गेम बॉयचे अनेक खेळही त्याबरोबर गेले. स्विचवर वर्गणी भरून काही जुने खेळ खेळता येतात, पण ते कंपनीनं निवडलेले आणि बहुतेक आधीच नावाजलेले. ज्या साध्या, विसरल्या गेलेल्या खेळांत एखाद्या अनामिक चित्रकारानं चौसष्ट ठिपक्यांत काहीतरी अफाट करून ठेवलं असेल, त्यांना तिथं जागा नाही. बाजारात एकीकडे रेट्रो रूपाचा महापूर आहे, आणि ज्या मुळांवर तो उभा आहे त्यांतली शंभरातली चौऱ्याण्णव दुकानात मिळत नाहीत.

ही पोकळी भरली जाते ती चोरट्या मार्गानं. जुन्या यंत्रांसारखी दिसणारी स्वस्त चिनी यंत्रं हजारो खेळ कोंबलेल्या मेमरी कार्डासकट विकली जातात, आणि त्यातला पैसा ना मूळ रचनाकारांना मिळतो ना कुणा संग्रहालयाला. ग्रंथालयांनी कायदेशीर वाट मागून पाहिली. बाजारात न मिळणारे खेळ संशोधकांना दुरूनही पाहता यावेत, अशी सवलत त्यांच्या वतीनं अमेरिकेत मागण्यात आली होती. खेळ-उद्योगाच्या संघटनेनं तिला विरोध केला आणि ऑक्टोबर २०२४मध्ये ती नाकारली गेली. असे खेळ अभ्यासाऐवजी करमणुकीसाठी वापरले जातील आणि त्यानं जुन्या खेळांच्या बाजाराला धक्का बसेल, ही भीती त्या नकारामागे होती. हा नकार मला चुकीचा वाटतो. कादंबरी कुणी आवडीनं वाचेल म्हणून ती ग्रंथालयातून द्यायची नाही, असं कुणी म्हणत नाही. पुण्यातल्या एखाद्या विद्यार्थिनीला गेम बॉयच्या चित्रकलेचा अभ्यास करायचा असेल तर आज तिनं एक तर अमेरिकेतल्या ग्रंथालयात प्रत्यक्ष जाऊन बसायचं, नाही तर जुन्या कॅसेटसाठी संग्राहकांचा चढा भाव मोजायचा, नाही तर कायद्याकडे डोळेझाक करून फाइल उतरवून घ्यायची. पहिल्या दोन वाटांचा खर्च परवडत नाही, म्हणून बहुतेक जण तिसरीनं जातात, आणि उद्याचे चांगले रेट्रो खेळ रचणाऱ्यांचं शिक्षण आज तिथंच चालू आहे.